रात्री अंगावर पाजून बाळाला झोपवायचं कसं: बाळाला हलवू नका, तुम्हीच सरका

बाळ पिता पिता झोपतंच, त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं बाळ होईपर्यंत सगळ्यांना वाटतं. खरी गंमत पुढे असते. मांडीवर पिऊन गाढ झोपलेलं बाळ गादीवर टेकवायचा अवकाश, ते टक्क डोळे उघडतं, मग परत घ्या, परत पाजा, परत ठेवा, यात अकराचा एक कधी वाजतो कळत नाही आणि शेजारी नवरा घोरत असतो तो वेगळाच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, झोपलेलं बाळ उचलून दुसरीकडे ठेवायचा घाटच घालायचा नाही. बाळ जिथे झोपणार आहे तिथेच आडवं होऊन पाजायचं आणि ते झोपलं की आपण हळूच सरकायचं.

आधी ते "सवय लागेल हं" प्रकरण संपवू. ही भीती हल्ली मोबाईलमधली अ‍ॅप पण घालतात आणि शेजारच्या काकू पण. पाजल्यावर झोप येणं ही बाळाला लागलेली वाईट सवय नाहीये, शरीर तसंच बनलंय. दूध पिताना बाळाच्या पोटात कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने पेंग येते, आणि पाजताना ते आईच्या अंगातही वाढतं, त्यामुळे बाळाच्या आधी आपलीच मान डुलायला लागते. शिवाय रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, म्हणजे झोपेचं हार्मोन, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. बाळाचं स्वतःचं दिवस-रात्रीचं घड्याळ बसायला साधारण तीन महिने जातात, तोवर ही सोय आईच्या दुधातून होते. जोपर्यंत तुम्हाला याचा त्रास होत नाहीये तोपर्यंत यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. त्रास व्हायला लागला तर काय करायचं ते खाली शेवटी लिहिलंय.

आता जागा. आपल्याकडची जमिनीवर घातलेली कापसाची घट्ट गादी यासाठी सगळ्यात बेस्ट. नवीन पिंजून आणलेली फुगीर गादी नको, चांगली दबून कडक झालेली हवी, हाताने दाबली तर खड्डा पडून राहायला नको. मऊ फोमचे मॅट्रेस आपल्या पाठीला बरे वाटतात पण बाळाचं तोंड त्यात रुततं. गादी भिंतीला चिकटवून टाकू नका, भिंत आणि गादीच्या फटीत बाळ अडकू शकतं, खोलीच्या मधोमध टाका. पलंगावरच झोपायचं असेल तर तीच फट बघा आणि बाळ चार-पाच महिन्यांचं होऊन पालथं पडायला लागलं की पलंगाचा नाद सोडाच, एका रात्रीत ते कडेला पोचतं.

बाळाच्या आजूबाजूला काहीही नको. म्हणजे खरंच काही नको. मोहरीची उशी नको (डोकं गोल होतं म्हणून देतात, पण झोपताना बाळाला कुठलीच उशी लागत नाही), मऊ खेळणी नकोत, लोड-तक्के नकोत, आणि आजीने प्रेमाने शिवलेली गोधडी तर अजिबात नको, ती जड असते आणि तोंडावर आली तर बाळाला बाजूला करता येत नाही. तुमचं पांघरूण तुमच्या कमरेपर्यंतच. टोपडं पण झोपताना काढा. हे वाक्य घरात बोललात की वादळ येणार हे मला माहितीये, कारण आपल्याकडे कान झाकले नाहीत तर जगबुडी होते, पण बाळ डोक्यातून बरीचशी उष्णता बाहेर टाकतं आणि घरात टोपडं घालून झोपलं तर अंग तापतं. गरम होतंय की थंडी वाजतेय हे हातापायांवरून बघू नका, ते गारच असतात, मानेमागे बोटं लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी करा.

गळ्यातला काळा धागा, मनगटातले काळे मणी झोपायच्या आधी काढून ठेवायचे. आणि तुमचंही, लांब मंगळसूत्र, ओढणी, मोकळे केस, गाऊनची लोंबणारी नाडी, सगळं बाजूला. मंगळसूत्र काढण्यावरून सासूबाई नाराज होत असतील तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, डॉक्टरांच्या नावावर घरात बऱ्याच गोष्टी खपतात. कासवछाप वगैरे कॉइल, उदबत्ती, धुरीची शेगडी यातलं काही झोपायच्या खोलीत नको. डास असतील तर मच्छरदाणी, ती पण ताणून नीट बांधलेली, बाळावर लोंबणारी नको.

हा पुढचा पॅरा प्लीज वगळू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे पहिले सहा महिने तरी बाळाने आईवडिलांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं. आपल्याकडे वेगळं अंथरूण म्हणजे आपल्या गादीला लागूनच पण वेगळी, तेवढीच कडक छोटी गादी, इतकं सहज जमतं. तुम्ही बाळाच्या गादीच्या कडेला आडव्या होऊन पाजा आणि झोपलं की आपल्या गादीवर परत या, म्हणजे आपण-सरकायचं हे तत्त्व इथे अगदी चपखल बसतं. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी झालेलं असेल, जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, घरात कुणी सिगरेट-बिडी ओढत असेल (गॅलरीत जाऊन ओढली तरी), कुणी दारू घेतली असेल किंवा तुम्हीच सर्दीचं-खोकल्याचं गुंगी येणारं औषध घेतलं असेल, तर एका अंथरुणात झोपणं नाहीच नाही, पाजा आणि उठा. आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची, सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून रात्री पाजू नका. पुष्कळ जणी पलंगावर झोप लागेल या भीतीने मुद्दाम सोफ्यावर जाऊन बसतात आणि तिथेच डोळा लागतो. बाळ कुशीतून सोफ्याच्या कडेत घसरतं, आणि तो प्रकार पलंगावर डोळा लागण्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे. झोप लागणारच आहे असं धरून चाला आणि लागली तरी चालेल अशा जागी पाजा.

संध्याकाळचं वेळापत्रक. पहिले तीन महिने वेळापत्रक वगैरे विसरा. दिवेलागणीला किरकिर, दर अर्ध्या तासाने दूध, मांडीवरून खाली ठेवलं की भोकाड, हे बहुतेक बाळांचं होतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. घरात लगेच दोन निदानं होतात, एक म्हणजे दूध पुरत नाहीये आणि दुसरं म्हणजे दृष्ट लागली. दृष्टीचं म्हणाल तर मीठमोहऱ्या खुशाल ओवाळू द्या, आजीला बरं वाटतं, फक्त त्या जाळून धूर बाळाच्या खोलीत नको. आणि दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून नाही, लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा सू होत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. वरच्या दुधाचा डबा आणायची घाई कुणाचं ऐकून करू नका, संध्याकाळी बाळ असं चिकटून पितं ते स्वतःच दूध वाढवून घेत असतं.

तीन-चार महिन्यांनंतर मात्र रोजचा एक क्रम ठेवला की फरक पडतो. कोमट पाण्याने अंग पुसणं, सुती झबलं, दिवा मंद, टीव्ही बंद. टीव्ही बंद हे मराठी घरात रात्री आठ ते दहा या वेळात किती अवघड आहे हे मी सांगायला नको, निदान आवाज तरी कमी करा आणि खोलीचं दार लावा. दुसरी अडचण म्हणजे बाबा. बाबा साडेआठला लोकलने घामाघूम होऊन येतात आणि दिवसभर बाळ दिसलं नाही म्हणून त्याला वर उडवून खेळवतात, बाळ खदखदून हसतं, आणि झोपेची वेळ निघून जाते. बाबांना दुसरं काम द्या, अंग पुसणं आणि कपडे बदलणं त्यांचं, तेवढाच वेळ बापलेकांना मिळतो. जांभया, डोळे चोळणं, कान ओढणं, शून्यात बघणं सुरू झालं की आवरतं घ्या, रडायला लागलं म्हणजे उशीर झालाय.

पाजायचा क्रम माझ्या मते असा हवा. पहिली बाजू बसून पाजा, दिव्यात, बाळ जागं असताना. मग ढेकर काढा, खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत, पाचेक मिनिटं पुरे, नाही आली तर नाही. मग डायपर बघा, कारण लहान बाळं पिता पिताच शी करतात आणि शेवटी बदलायला गेलात तर झोपेचं खोबरं झालंच म्हणून समजा. हे सगळं उरकून दुसरी बाजू आडवं होऊन, अंधारात. म्हणजे ढेकर आणि डायपर दोन्ही मध्येच होतात आणि झोपलेल्या बाळाला शेवटी कशासाठीच उचलावं लागत नाही. ज्या बाळाला गुळणी टाकायची खूप सवय आहे त्याला मात्र दुसऱ्या बाजूनंतर पण दहा-पंधरा मिनिटं उभं धरावं लागतं, तिथे इलाज नाही.

आता आडवं होऊन पाजणं, हे नीट वाचा कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. पाण्याची बाटली आणि एक नॅपकिन हाताशी घ्या, पाजायला लागलं की घशाला जी कोरड पडते ती विचारू नका. कुशीवर झोपा, तुमच्या डोक्याखाली उशी, पाठीमागे लोड, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. सिझेरियन झालं असेल तर पोटाखाली दुपट्याची घडी द्या, टाके ओढले जात नाहीत. खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वर उशीकडे वळवून ठेवा, बाळाचं डोकं दंडावर घेऊ नका, नंतर तो हात काढताना बाळ उठतं आणि तोवर हाताला मुंग्या आलेल्या असतात. बाळाला त्याच्या कुशीवर असं ठेवा की पोटाला पोट लागेल, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नुसती मान वळवून पाजलं तर त्याला गिळता येत नाही, तुम्ही मान वळवून पाणी पिऊन बघा. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर हवं, तोंड नाही. मग बाळ मान थोडी मागे करून हनुवटी आधी टेकवतं, जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं, त्याच क्षणी खांद्यामागून हात लावून त्याला जवळ ओढा. डोकं मागून दाबू नका, डोकं दाबलं की बाळ चिडून मागेच जातं.

नीट लागलंय हे कसं ओळखायचं तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी रुतलेली असते, नाक मोकळं असतं, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून जास्त आत गेलेला असतो आणि वरून थोडा दिसतो, गिळल्याचा आवाज येतो. टक टक आवाज येत असेल किंवा गालांना खळ्या पडत असतील तर पकड वरवरची आहे. पहिले काही सेकंद सोडून दुखत राहिलं तर सोसू नका, सोडवून परत लावा. सोसल्याने भेगा पडतात आणि मग पाजायच्या वेळी पोटात गोळा यायला लागतो. एक सोयीची गोष्ट, दोन्ही बाजू आडवं पाजायचं असेल तरी कूस बदलायची गरज नाही, थोडं पुढे कलंडलं की त्याच कुशीवरून वरची बाजू देता येते. अंगाने भरलेल्या बायकांना हे जास्त सोपं जातं.

आणि अंधार म्हणजे अंधार. मोबाईल स्क्रोल करत पाजायचा मोह सगळ्यांनाच होतो पण तो उजेड बाळाच्या तोंडावर पडतो, आणि एकदा तो हातातून सुटून बाळाच्या कपाळावर आपटला की कायमची अद्दल घडते. त्यापेक्षा काहीतरी पुटपुटा. अंगाई येत नसेल तर पाढे म्हणा, आरती म्हणा, शब्द कुणाला हवेत, रोज तेच आणि त्याच लयीत असलं म्हणजे झालं. हे पुढे उपयोगी पडतं, कसं ते सांगते.

सरकायचं कधी? चोखणं मंद झालं, गिळणं थांबलं आणि नुसते ओठ थरथरायला लागले की करंगळी (नख कापलेली!) तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये घाला, पकड सुटते. तशीच ओढू नका, जखम होते. सोडवल्यावर बाळ तोंड वळवून शोधायला लागेल, तेव्हा हनुवटीखाली बोट टेकवून क्षणभर तोंड मिटलेलं ठेवा, नाहीच राहिलं तर परत द्या आणि थोड्या वेळाने परत तेच. आणि सोडवलं म्हणून लगेच उठायचं नाही. लहान बाळ आधी कच्च्या झोपेत जातं, पापण्या हलतात, श्वास कमीजास्त होतो, मध्येच हसतं, आपल्याकडे म्हणतात ना सटवाई हसवते, तीच ही झोप. यात हललात की संपलं. पंधरा-वीस मिनिटांनी श्वास एकसारखा होतो, मुठी उघडतात, हात उचलून सोडला तर तो चिंधीसारखा पडतो, आता सरका. आधी पोट बाजूला करा, मग हात, आणि बाळाला हलकेच पाठीवर वळवा, नेहमी पाठीवर, कुशीवर ठेवून जाऊ नका, पालथं तर नाहीच. तळहात त्याच्या छातीवर मिनिटभर राहू द्या आणि मग उठा. पैंजण, बांगड्या आधीच काढलेल्या बऱ्या.

पाऊण-एक तासाने बाळ चाळवेल. धावत जाऊ नका. झोपेचं एक चक्र संपताना बाळं हुंकारतात, पाय झाडतात आणि पुष्कळदा स्वतःच परत झोपतात, आपण घाईने उचललं तर आपणच उठवलं असं होतं. खरंच रडलं तर पाजा. पहिल्या काही महिन्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं नॉर्मल आहे, त्यातलं काही रात्री असणारच. चार महिन्यांच्या आसपास बरी झोपणारी बाळं पण अचानक सारखी उठायला लागतात, झोपेची घडण मोठ्या माणसासारखी होत असते म्हणून, दूध कमी झालं म्हणून नाही. तेव्हा कुणीतरी जायफळ उगाळून द्या म्हणणार. नका देऊ, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणी सुद्धा लागत नाही (डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब सोडून), आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायका नाइलाजाने बाळांना अफूच्या बाळगोळ्या देऊन झोपवायच्या, तेव्हा "पूर्वी सगळं देत होते" हे काही उत्तर नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळं. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे बाळंतपणाची रजा आहे, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचं बाळ ठेवून ऑफिसला जावं लागतं आणि मग बाळ दिवसा वाटीने जेमतेम पितं आणि रात्री आई सापडली की सगळी भरपाई करतं. याला बिघाड समजू नका. आल्या आल्या पर्स ठेवून आधी पाजायला बसा, स्वयंपाक दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, म्हणजे निदान मध्यरात्रीचं एखादं उठणं कमी होतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत ऑफिसमध्ये पाजण्यासाठी किंवा दूध काढण्यासाठी दोन ब्रेक कायद्याने मिळतात, मागून घ्या.

दात आले की पहिल्या दातापासूनच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट लावून झोपायच्या आधी दात घासायचे. वर्षानंतर रात्रभर तोंडात धरून झोपायची सवय असेल तर दात किडायची शक्यता वाढते, म्हणून झोप लागल्यावर सोडवायचं हे तेव्हा जास्त काटेकोरपणे करा.

आणि आता तुम्हालाच पुरे झालं असेल तर. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पण पाजणं चालू ठेवून पाजून-झोपवणं तेवढं बंद करता येतं. वर्षाच्या आसपास, जेवण नीट जायला लागलं की, क्रम उलटा करा. आधी दूध, बसून, दिव्यात, मग दात घासणं, मग अंधार आणि तीच रोजची पुटपुट, या वेळी छातीवर थोपटत. पुटपुट ओळखीची असते त्यामुळे निम्मं काम ती करते. पहिले काही दिवस बाबांनी झोपवलं तर जास्त लवकर जमतं कारण आईचा वास आला की बाळ दूध मागणारच. रडेल, पण कुणीतरी जवळ असताना रडेल. दीड वर्षाच्या पुढचं मूल असेल तर दिवसाच सांगून ठेवा, "रात्री दुदू पण झोपतं, सकाळी उठतं", त्यांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कळतं. कडुनिंबाचा पाला किंवा कोरफड लावून एका रात्रीत तोडायची जुनी पद्धत मला आवडत नाही, मूल हबकतं आणि आईची छाती दगडासारखी होते. एकेक वेळ कमी करा, दर तीन-चार दिवसांनी एक. मध्ये जड वाटलं तर हाताने थोडं काढा, बरं वाटण्यापुरतंच, पूर्ण रिकामं केलंत तर परत तेवढंच भरतं. गाठ लाल झाली, दुखायला लागली आणि सोबत थंडी वाजून ताप आला तर शेक घेत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या बाजूने पाजणं थांबवू नका.